ताऱ्याच्या नावाची आंघोळ

चिखलीच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये कुणाकडं मयताची बातमी आली, की माणसं आधी रडून घ्यायची आणि मग डोळे पुसत चतुराबाईंच्या दारात यायची. सुतक कुणाला, सोयर कुणाला, दिलेल्या लेकीनं किती धरायचं, देवाजवळ दिवा कुणी लावायचा, सगळं बाईंच्या जिभेवर. शाळेचं तोंड त्यांनी फार पाहिलेलं नव्हतं. पण सासरच्या गावी, औशाकडं असताना त्यांच्या आजेसासूनं हे शास्त्र त्यांना शेंगा फोडता फोडता शिकवलं होतं, आणि शेंगा फोडता फोडता शिकलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

नवरा दत्तोबा चाकणच्या रस्त्याला एका फोर्जिंगच्या कारखान्यात. तापून लाल झालेल्या लोखंडावर दिवसभर घण आदळायचे. पगार आला, पेन्शन आली, पण कान तेवढे कारखान्यातच राहिले. बाईंनी आपला डब्यांचा धंदा मांडला. निघोज्याच्या कंपन्यांमधली पोरं तिन्ही शिफ्टला त्यांच्या भाकरीवर पोसली. त्यातली कितीतरी आता बापे झाली, ढेऱ्या सुटल्या, तरी रस्त्यात बाई दिसल्या की गाडी थांबवून म्हणतात, "मावशी, ठेचा पाठवा की."

नियम सांगताना मात्र बाई कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. शेजारच्या अंबुबाईंचंच घ्या. ह्या इथल्याच, जुन्या गाववाल्या. त्यांच्याकडं एकदा सत्यनारायण होता. केळीचे खुंट बांधून झाले, शिऱ्याचा वास आळीभर सुटला, आणि तेवढ्यात फोन आला की चुलत सासरे गेले, आत्ताच, सकाळी. अंबुबाईंनी फोन ठेवला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच सुनेला म्हणाल्या, "कुनी ऐकलं न्हाई ना?"

ऐकलं होतं. चतुराबाई मागंच उभ्या होत्या, तुळशीची पानं घेऊन.

"बातमी कळली ती कळली, अंबुबाई. उचला चौरंग."

"अवो, मानूस तिकडं मुळशीत गेलं!"

"मुळशीत जाऊ द्या न्हाईतर मुंबईत. कान हितंच हायेत ना तुमचे?"

शिरा काही वाया गेला नाही. आळीनं तो चाटूनपुसून खाल्ला, पण नाश्ता म्हणून. प्रसाद म्हणून नाही. अंबुबाईंनी हे मनाच्या एका कोपऱ्यात झाकून ठेवलं, विरजणासारखं.

मग सुजितचं लग्न झालं. सुजित म्हणजे बाईंचा एकुलता एक. कंपनीत तयार पार्ट तपासायचं काम करतो. सून योगिनी पुण्याला एका संशोधनाच्या संस्थेत. ती काय करते, असं बाईंनी लग्नाआधी विचारलं तेव्हा सुजित म्हणाला होता, "आकाशात लांब कुठंतरी अचानक स्फोट होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवते."

"म्हंजे पोलिसात हाय का?"

"नाही गं आई. तारे, तारे."

बाईंनी मान डोलावली. पोरगी नाकीडोळी नीटस होती, ताटात काही टाकत नव्हती. आकाशाकडं लक्ष ठेवते तर ठेवू दे, गल्लीतल्या बायकांवर ठेवण्यापेक्षा बरं.

लग्नानंतर महिना गेला असेल. सगळे जेवायला बसलेले. योगिनीच्या फोननं असा काही आवाज काढला, की बाईंना वाटलं कारखान्याचा भोंगाच घरात आला. पोरगी आमटीच्या हातानं उठली, आत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली, इंग्रजीत कुणाशी बोलली, खटाखट बोटं चालवली. परत आली तेव्हा ताटातली आमटी गार झाली होती आणि पोरीचा चेहरा उजळला होता.

"आई, एक तारा मेला."

"अगं बाई! कधी?"

"कितीतरी अब्ज वर्षांपूर्वी. आपली पृथ्वीसुद्धा नव्हती तेव्हा. तिथून प्रकाश निघाला, तो वाटेतच होता. बातमी आज पोचली."

दुसरी कुणी असती तर हसली असती. चतुराबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. लांबचं मयत, उशिरा कळलेलं. आजेसासूचा नियम शेंगदाण्याइतका स्वच्छ होता: फार जुनं मयत असेल तर दिवस धरायचे नाहीत, पण बातमी कानावर आली की अंगावर पाणी घ्यायचं.

"मागं कुनी हाय का त्याचं?"

"कुणाचं?"

"ताऱ्याचं."

"नाही आई. आसपास काही असलंच तर तेही गेलं असेल."

"मग आपणच," असं म्हणून बाई उठल्या, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि न्हाणीत शिरल्या.

दत्तोबांना नुसतं उठणं दिसलं. "कोण गेलं गं?"

"वर! लांब वर! तुमच्या ओळखीचं न्हाई!" बाई आतून ओरडल्या.

योगिनी आधी पदर तोंडात धरून हसली. मग आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ती हसायची थांबली. इतकी वर्षं ती ताऱ्यांच्या मरणाची टिपणं काढत होती, पण ह्या धंद्यात कुणी त्यांच्या नावानं आंघोळ केलेली तिनं बघितली नव्हती.

तेव्हापासून रिवाजच पडला. योगिनीची ड्यूटी एकेका आठवड्याच्या पाळीनं यायची. त्या आठवड्यात भोंगा वाजला की बाई टॉवेल हातात घेऊन दारात उभ्या. पण लगेच न्हाणीत जायच्या नाहीत. आधी सुनेनं पारख करायची. कारण भोंगा वाजला म्हणजे मयतच, असं नव्हे. कधी आपला सूर्यच शिंकायचा, कधी यंत्राला उगाच भास व्हायचा, आणि कधी एखादा तापट तारा नुसता भडकून परत गप्प बसायचा.

"आमचे हे व्हते तरुणपणी, तसंच की," बाई म्हणायच्या. "भांडी आदळली, पण मेलं कुनी न्हाई. जा, टॉवेल परत दोरीवर टाक."

एकदा त्यांनी विचारलं, "पण एवढं पळत का जातीस? मेलेला कुठं जाणार हाय?"

योगिनी भाकरीच्या चुलीपाशी येऊन बसली. घरात गॅस होता, पण भाकरीला चूलच. "आई, स्फोट असा भप्पकन होतो आणि संपतो. त्याचे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून वर एक यंत्र फिरत ठेवलंय. त्याला दिसतं आणि ते आम्हाला उठवतं. तोवर खेळ संपलेला असतो. मागं राहते नुसती धग. धग कुठल्या बाजूला आहे हे आम्ही पटकन सांगितलं, तर जगभरच्या दुर्बिणी तिकडं वळतात. उशीर केला की धगही विझते."

बाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि राखेवर तळवा धरला. "मग सरळ सांग की. विझल्या चुलीवर हात धरून बघायचं, इस्तू कुठं होता ते."

"अगदी तेच."

"हे तर मला येतं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून सुनेच्या नोकरीबद्दल त्यांना काही शंका राहिली नाही.

आता मुद्द्यावर येते. चिखलीतच सुजितनं फ्लॅट घेतला. पत्र्याच्या खोल्यांमध्ये बाईंनी जन्म काढला होता, आणि त्या जन्मभर त्यांची एकच हौस होती. वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घरात दूध उतू घालतात, ते आपल्या ओट्यावर, आपल्या डोळ्यांनी बघायचं. भाड्याच्या खोलीत दूध उतू गेलं की मालकीण ओरडते, "अवो, ओटा कोण धुणार?" आपल्या घरात तेच दूध उतू जावं म्हणून आपण हात जोडून उभे राहतो. ह्यालाच घर म्हणतात, असं बाईंचं मत होतं. आणि दूध पूर्वेकडं सांडलं तर घराला काही कमी पडत नाही, हेही आजेसासूच सांगून गेलेली.

मुहूर्त निघाला तो नेमका योगिनीच्या ड्यूटीच्या आठवड्यात. तिनं पाळी बदलून घेतली होती, पण बदलून घेणारा मित्रच आदल्या दिवशी तापानं आडवा झाला. पोरगी बाईंना काही बोलली नाही. सासूची आयुष्याची हौस, तिच्यात भोंगा कशाला, म्हणून तिनं फोनचा आवाज बंद केला आणि तो नव्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात, पार तळाशी, पुरून ठेवला. तिला वाटलं, आजचा एक दिवस आकाशही सांभाळून घेईल.

पूजा मांडली. सुजित पितांबर नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन बसला. योगिनी हिरव्या शालूत. गुरुजींनी उपरण्याची आणि पदराची गाठ मारली. दूध नव्या पातेल्यात, नव्या गॅसवर, अगदी बारीक आचेवर ठेवलं. गुरुजी म्हणाले, "इकडची पूजा आटोपत आली की सगळ्यांनी तिकडं जायचं आणि दूध उतू जाताना बघायचं." तोवर दुधावर नजर ठेवायला कोण? मानाचं काम, म्हणून बाईंनी ते अंबुबाईंना दिलं.

"हलू नका बरं का हितनं."

"आमी काय लहान हाय व्हय?" म्हणत अंबुबाई पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

मंत्र रंगात आले होते. पाहुणे एकमेकांच्या फ्लॅटचे भाव विचारत होते. दत्तोबा दारात बसून येईल त्याला "या, या" म्हणत होते. आणि चतुराबाईंच्या कानावर एक आवाज आला. घुर्रर्र. घुर्रर्र. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

बाईंनी आत बघितलं. मग सुनेकडं बघितलं. पोरगी नारळाकडं बघत होती, पण मान काठीसारखी ताठ झालेली. तिनंही ऐकलं होतं. घुर्रर्र. तांदूळ थरथरत असावेत.

बाईंच्या लक्षात सगळं आलं. फोन लपवला कुणासाठी, तेही आलं. गुरुजी मंत्रात, दत्तोबा बहिरे, पाहुणे गप्पांत. आपण ऐकलंच नाही म्हटलं तर? आणखी थोडा वेळ, मग पूजा झाली, दूध उतू गेलं, हौस फिटली. तिकडं अब्ज वर्षांचा प्रवास करून कुणाची तरी शेवटची खबर दारात आलेली, आणि दार न उघडता आपण प्रसाद वाटतोय.

कुनी ऐकलं न्हाई ना?

हे शब्द बाईंना अंबुबाईंच्या आवाजातच ऐकू आले आणि त्या दचकल्या.

"योगिनी," त्या म्हणाल्या, "ऊठ. तांदळातला पाव्हणा हाक मारलालाय."

"आई, राहू दे आज—"

"ऊठ म्हणते ना. धग विझंल."

गुरुजींचा मंत्र मध्येच अडला. "अहो बाई, संकल्प झालाय. यजमानांनी मध्ये उठायचं नसतं. आणि गाठ बांधलीय. ती पूजा संपल्याशिवाय सोडता येत नाही."

"गाठ सोडा कुनी म्हटलं? दोघंबी जातील."

"आणि मी काय करू?"

"मंत्र म्हणा. जरा हळू म्हणा."

मग ती वरात निघाली. पुढं योगिनी, तांदळाचे दाणे झटकत, फोन कानाला. मागं उपरण्यानं ओढला जाणारा सुजित, मुठीत अक्षता, कपाळावर गंध, दावणीला बांधलेल्या वासरासारखा. आतल्या खोलीत अजून सामान लागलं नव्हतं. मिक्सरच्या खोक्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि दोघं गादीच्या वळकटीवर बसले. सुजितनं थोडं लांब सरकून बघितलं, पण गाठ आखूड होती.

बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पडद्यावर एक रेघ होती, सपाट, सपाट, आणि मध्येच टम्म वर गेलेली, तव्यावर भाकरी फुगते तशी. दुसऱ्या कोपऱ्यात एक दाढीवाला गोरा माणूस. योगिनीच्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या आणि तोंडातून इंग्रजी वाहत होतं. मध्येच गोरा काहीतरी म्हणाला. सुजितनं घाईघाईनं त्याला नमस्कार केला, तेव्हा अर्ध्या अक्षता खोक्यावर सांडल्या.

"काय म्हणला गं तो?" बाईंनी विचारलं.

"विचारतोय, हे नवे शास्त्रज्ञ कुठले."

"मग?"

"सांगितलं, बांधलेले आहेत, सोडता येत नाहीत." मग तिनं मान वळवली. डोळे असे चमकत होते. "आई, खरा आहे. मोठा तारा होता. दक्षिण अमेरिकेत आत्ता रात्र आहे, तिथल्या डोंगरावरची दुर्बीण वळवतायत. आपण उशीर नाही केला."

"गेला म्हण की मग," बाई पुटपुटल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. "कोन गेलं?"

अंबुबाई. पातेलं सोडून आलेल्या. दुधावर साय यायला वेळ लागतो, इथं बातमी तयार होती.

"तारा गेला काकू," सुजित बिचारा बोलून गेला.

अंबुबाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की किती दिवसांचं विरजण लागलंय हे बाईंना तिथंच कळलं. त्या वळून भरल्या हॉलमध्ये गेल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऐकलं का समद्यांनी? ह्यांच्या घरात मयताची बातमी आली! ताऱ्यासाठी आंघोळी करतात ना ह्या? मग मयत ते मयत. बातमी कळली ती कळली, चतुराबाई. उचला चौरंग!"

गुरुजी हातात पळी धरून थांबले. सगळ्यांच्या नजरा बाईंवर. ताऱ्याचं सुतक खोटं म्हणावं, तर आजवरच्या आंघोळी म्हणजे नुसतं नाटक ठरतं. खरं म्हणावं, तर चौरंग उचलावा लागतो, आणि दूध चहाला जातं.

बाई सावकाश हॉलच्या मधोमध आल्या.

"मयत हायेच," त्या म्हणाल्या. "मी न्हाई म्हणणार न्हाई. पण तुमचे चुलत सासरे सकाळी गेले आणि बातमी दुपारच्या आत आली. ते ताजं मयत. त्याला दिवस हायेत. हा कधी गेला? धरणी नव्हती तेव्हा. एवढ्या जुन्या बातमीला दिवस धरायचे, तर आपल्यातलं कुनी कधी देवाला फूलच वाहिलं नसतं. रोज कुनी ना कुनी मेल्याची बातमी वरनं येतीच हाय. ह्याला नुसती आंघोळ."

"मंग करा आंघोळ!"

"करणारच. पण कळलं ते ज्यानं ऐकलं त्याला. तुम्ही आत्ता भर सभेत ओरडून सांगितलंत. आता सगळ्यांनाच आंघोळ आली. पहिला नंबर तुमचा."

पाहुण्यांमध्ये चुळबुळ झाली. बिल्डिंगला अजून टँकरचं पाणी. आणि टँकर यायचा होता. इस्त्रीच्या साड्या, मोगऱ्याचे गजरे. एक बाई तर पर्स उचलायला लागली. तेव्हा गुरुजी खाकरले. त्यांना पुढची पूजा मोशीला होती.

"अडचणीच्या वेळी मार्जन चालतं," ते म्हणाले. "कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं अंगावर शिंपडलं, की स्नान झालं."

"झालं तर मग. शिंपडा," बाई म्हणाल्या. "अंबुबाईंवर जरा सढळ हातानं."

हॉल हसला. गुरुजींनी पानं बुडवून सगळ्यांवर पाणी उडवलं. दत्तोबांच्या चष्म्यावर थेंब पडले, त्यांनी वर छताकडं बघितलं आणि म्हणाले, "नवीन घर, आणि आत्ताच गळतंय?"

पण बाई स्वतः शिंपडण्यावर भागवणाऱ्या नव्हत्या. त्या न्हाणीत गेल्या, बादलीच्या तळाशी होतं ते तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं. नव्या घरातली पहिली आंघोळ. ज्याच्या मागं कुणी नव्हतं, त्याच्या नावाची. कोरडी साडी गुंडाळून, ओल्या केसांनी त्या बाहेर आल्या, आणि तिथंच थबकल्या.

वास येत होता. करपल्या दुधाचा.

"दूध!" अंबुबाईंनी तोंडावर हात मारला.

सगळी माणसं स्वयंपाकघराच्या दारात कोंबली. पातेलं अर्धं रिकामं. दुधानं ज्योत विझवलेली. योगिनीनं मागं सुजितला ओढत, घुसून आधी गॅसचं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली. ओट्यावर पांढरं थारोळं. होऊन गेलं होतं. घरात एवढी माणसं, आणि बघितलं कुणीच नाही.

चतुराबाईंच्या केसांतून पाणी टपकत होतं, ते त्यांनी तेवढं पुसलं. ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप नाही, त्या बाई गप्प बघून अंबुबाईंना भडभडून आलं. "माजंच चुकलं गं बाई. मी जागा सोडली. चांगलं सोन्यासारखं काम दिलं व्हतं..." आणि त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं.

"थांबा काकू!" योगिनी म्हणाली. "पुसू नका. कुणी हात लावू नका."

ती वाकली. थारोळं दोन्ही बाजूंना पसरलेलं, नुसतं बघून काही कळत नव्हतं. तिनं तळवा दगडाच्या ओट्याजवळ धरला. इकडं धरला. तिकडं धरला. मग सासूचा हात धरून तिनं तो भिंतीच्या बाजूला टेकवला. गार. मग मोशीकडच्या खिडकीच्या बाजूला, जिकडून सकाळचं ऊन येतं.

दगड कोमट होता. चांगला हातभर.

"धग," बाई म्हणाल्या.

"पूर्वेला गेलंय, आई. पहिला लोट सगळा इकडंच."

"पर बघितलं कुनी न्हाई की," अंबुबाई नाक ओढत म्हणाल्या.

"काकू, आम्हीसुद्धा कुणी तारा फुटताना कधी बघत नाही," योगिनी म्हणाली. "फुटून गेल्यावर हात धरतो, एवढंच. तिकडं डोंगरावर आत्ता तेच चाललंय."

चतुराबाईंनी तळवा उचलला नाही. दगडातली ऊब हळूहळू उतरत होती, आणि त्या ती शेवटपर्यंत घेत होत्या. मग त्यांनी अंबुबाईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "ओटा मीच पुसणार. माझा हाय."

हॉलमधून गुरुजी यजमानांना हाका मारत होते. यजमान बायकोच्या मागं निघाले. गर्दीतून वाट काढत दत्तोबा आत आले.

"काय झालं? कोण गेलं?"

बाईंनी त्यांच्या कानाला तोंड लावलं. "कुनी न्हाई! दूध उतू गेलं! पूर्वेला!"

"कधी?"

"मघाशीच! खबर आत्ता आली!"

दत्तोबांनी त्यांच्या ओल्या केसांकडं बघितलं, विचार केला, आणि टॉवेल शोधायला लागले. "मग मलापण आंघोळ?"

"न्हाई वो," चतुराबाई म्हणाल्या. "ह्याला नुसते पेढे."